पाणी कुणी पाजलं?

"मी नाही पिणार! काय घातलंयस यात? सांग, काय घातलंयस?"

सासूबाईंनी हातातला पेला असा भिरकावला, की तो भिंतीवर आपटून थेट टेबलाखाली घरंगळला. टेबलावरच्या फोनमधून धाकट्या मुलाचा आवाज अजून येतच होता. रोज सकाळी आठच्या ठोक्याला तो परगावाहून फोन करायचा. "आई? आई, काय झालं? वहिनी, काय चाललंय तिकडे?"

"ही मला मारायला टपलीय रे!" सासूबाई फोनवर ओणवून ओरडल्या. त्यांचे डोळे वेगळेच दिसत होते, ओळख हरवल्यासारखे... "हिनेच माझा मोठा घालवला! हिनेच पाठवलं त्याला त्या दिवशी! आता माझ्यावर उठलीय!"

मोठी सून भिंतीशी उभी होती. पाण्याचे ओघळ तिच्या पायाशी येत होते आणि तिला पाऊल मागे घ्यायचंसुद्धा सुचत नव्हतं. नऊ वर्षं... नऊ वर्षं ज्या एका वाक्याची ती वाट पाहत होती, जे सासूबाईंच्या ओठांवर कधीतरी येणारच अशी भीती उराशी घेऊन ती या घरात वावरली होती, ते वाक्य आज आलं होतं!

ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. दुकानामागच्या अरुंद खोलीत फिरत्या चकतीपुढे बसून, गोल काच फ्रेमच्या आकाराला येईपर्यंत कडेकडेने झिजवायची, हे तिचं वीस वर्षांचं काम. गल्लीत सगळे तिला चष्मेवालीच म्हणत. नऊ वर्षांपूर्वी एका सुट्टीच्या दिवशी ती तापाने फणफणली होती आणि एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाचा तयार चष्मा घरीच राहिला होता. "त्यांना वाचता येत नसेल हो दोन दिवस. तेवढा पोचवून येता का?" असं ती नवऱ्याला म्हणाली. तो सायकल काढून गेला. तिसऱ्या वळणावर ट्रक आला... चष्मा त्याच्या खिशात शाबूत सापडला होता.

तिला मूलबाळ नव्हतं. माहेर उरलं नव्हतं. लोक म्हणाले, आता ही कशाला राहतेय इथे? पण ती राहिली. सासूबाई एकट्या पडतील म्हणून राहिली आणि आपण कुठे जाणार म्हणूनही राहिली. दोन बायका, तिसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या. सासूबाईंनी तिला कधी वाकडा शब्द ऐकवला नाही आणि मोठ्या मुलाचं नावही कधी तिच्यापुढे काढलं नाही. त्या न बोललेल्या जागेभोवती दोघी इतकी वर्षं पाय जपून वावरत होत्या.

दीर दुसऱ्याच दिवशी सकाळच्या गाडीने येऊन थडकला. आईच्या खोलीत जेमतेम दहा मिनिटं बसला आणि बाहेर आला, तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. आईने त्याला त्याच्या वडिलांच्या नावाने हाक मारली होती.

"आपल्या डॉक्टरांना फोन केला मी," तो टेबलाशी बसत म्हणाला. "ते म्हणाले, चौऱ्याहत्तर वय म्हणजे असं व्हायचंच. डोकं चालेनासं होतं. आमच्या गावात वृद्धांसाठी एक चांगली जागा आहे. सोमवारी घेऊन जातो."

"भाऊजी, हे वयाचं नाही." तिने धीर एकवटला. "वयाचं असतं तर वर्ष-दोन वर्षांत हळूहळू दिसलं असतं. महिन्यापूर्वी आई अगदी धडधाकट होत्या हो! टेलिफोन ऑफिसात तीस वर्षं काढलेली बाई... अर्ध्या गावाचे जुने नंबर तोंडपाठ! मी गंमत म्हणून विचारायची, बेकरीचा नंबर? दवाखान्याचा? लगेच सांगायच्या. आणि परवा त्यांना स्वतःच्या घराचा नंबर आठवेना. आधी नुसतं डोकं दुखायचं, मळमळायचं. मग तोल जायला लागला. मग हे..."

"वहिनी, तुम्ही डॉक्टर नाही."

"नाही. पण रोज बघते ना मी त्यांना."

"हो, तुम्हीच बघता." त्याचा आवाज थंड झाला. "आणि आई तुमच्याविषयी काय बोलली, ते मी माझ्या कानांनी ऐकलंय. भ्रमात असली तरी माणूस हवेतून बोलत नाही. तुम्हीही आता तुमची वेगळी सोय बघा. हे घर बंद करावं लागेल."

उठून तिने त्याच्या चहाचा कप विसळला आणि पालथा घातला. तिला स्वतःसाठी भांडताच येत नसे. आजारी माणसासाठी भांडता येत होतं, आणि तेही आज कुणी ऐकून घेत नव्हतं!

वेळ सोमवारपर्यंत थांबली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, न्याहारीच्या वेळी, सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या, "मला..." एवढंच म्हणाल्या आणि कोसळल्या. हातपाय ताठ झाले, दातखीळ बसली, सगळं अंग झटके देऊ लागलं. दीर जागच्या जागी थिजला. सुनेने मात्र झडप घालून त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, त्यांना कुशीवर वळवलं आणि ओरडली, "ॲम्ब्युलन्स! भाऊजी, आधी ॲम्ब्युलन्स!" निघता निघता तिने औषधांचा डबा उचलून पिशवीत टाकला.

इस्पितळाच्या खिडकीपाशी बसलेल्या नर्सने फॉर्म भरता भरता मान वर केली. "आणि तुम्ही? पेशंटचं नातं?"

सुनेने तोंड उघडलं, पण दीर आधी बोलला. "त्या घरात असतात. आईच्या मदतीला."

नर्सने तसं लिहून टाकलं. पेनाचा तो आवाज किती बारीक... पण तिच्या काळजावर चरा उमटला! एवीतेवी खोटं तरी काय होतं त्यात? ज्याच्यामुळे नातं होतं, तो तर नऊ वर्षांपूर्वीच गेला. ती दोन पावलं मागे सरून भिंतीशी उभी राहिली, मदतनीस बाई उभी राहते तशी.

तासाभराने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. केस पांढरे, बोलणं झटपट. "रोज यांच्याबरोबर कोण असतं?"

दिराने बोट दाखवलं. त्या थेट तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "गेल्या दोन महिन्यांत काय बदललं? खाणं, पिणं, औषध, काहीही. आठवून सांगा."

तिला आठवायची गरजच नव्हती. तिने डबा पुढे केला. "ही गोळी नवी आहे. रक्तदाब वाढला म्हणून पाच आठवड्यांपूर्वी सुरू झाली. लघवीला जास्त होतं हिच्याने. तेव्हापासूनच जेवणातलं मीठ बंद केलं. मीठ नाही म्हटल्यावर त्यांना अन्न गोड लागेना. मग नुसता चहा आणि बिस्किटं. अंडं पुढे केलं तर ताट सरकवायच्या. आणि पाणी... दिवसाला तीन बाटल्या पाणी. लिटरच्या."

डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांची पट्टी उजेडात धरून नाव वाचलं आणि मान डोलवली. "बरं झालं डबा आणलात. रक्तातलं सोडियम फार खाली गेलंय. एकशे पस्तीसच्या वर असायला हवं. यांचं एकशे बारा आहे. मेंदूला सूज आलीय, म्हणून भ्रम आणि म्हणून हे झटके."

"म्हणजे... वेड नाही?" तिचा आवाज चिरकला.

"नाही हो. रश्शात पाणीच पाणी झालं की तो पांचट होतो ना, तसं यांचं रक्त पातळ झालंय. या गोळीने सोडियम लघवीवाटे जातं, आणि वरचं पाणी बाहेर टाकणं शरीराला जमेनासं होतं. पोटात धड अन्न नाही, वर बाटल्यांवर बाटल्या पाणी. वयस्कर बायकांना हे लवकर भोवतं. हे ना ते, बऱ्याच कारणांनी होतं हे. उलट्या-जुलाब, हृदयाचे, किडनीचे आजार. यांच्या बाबतीत कारण मात्र तुम्ही हातात आणून दिलंत."

"मग मीठ द्या ना पटकन!" दीर अधीर झाला. "सलाईन लावा, चढवा काय ते!"

"झटका थांबावा म्हणून थोडं दिलंय. आता पटकन काही करायचं नाही." डॉक्टरीणबाई ठामपणे म्हणाल्या. "मेंदूला या पातळपणाची सवय झालीय. आकडा एकदम वर नेला तर मेंदूला कायमची इजा होते, माणूस लुळा पडू शकतो. चोवीस तासांत आठाच्या वर नाही. दर काही तासांनी रक्त तपासू. गोळी बंद, पाणी मोजून. घाई केली नाही तर माणसं बहुतेक पूर्ववत होतात. पण..." त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "म्हाताऱ्या माणसाला एवढं पाणी प्यायला लावलं कुणी?"

दिराचा चेहरा हळूहळू पांढराफटक पडत गेला. सुनेने तो पाहिला. रोज सकाळचा तो फोन दोघांच्याही कानांत वाजत असणार. 'आई, मीठ अजिबात नाही हं. कालच्या तीन बाटल्या झाल्या का? वहिनी, रिकाम्या बाटल्या दाखवा बघू.' परगावी असलेल्या मुलाची माया अशी फोनमधून यायची. कुठेतरी वाचलं होतं त्याने, पाण्याने शरीर साफ होतं...

एक शब्द बोलायचा होता. एकच! दोन दिवसांचा अपमान, फॉर्मवरची ती ओळ, वेगळी सोय बघा... सगळ्याची परतफेड झाली असती. पण ती त्याच्या डोळ्यांत बघत राहिली आणि तिला त्या डोळ्यांत काहीतरी ओळखीचं दिसलं. आपण प्रेमाने केलेल्या एका गोष्टीपायी आपलं माणूस मरणाच्या दारात जातं, हे ओझं कसं असतं ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? ती ते नऊ वर्षं वाहत होती... कपडे वाळत घालताना, काच घासताना, सुट्टीच्या प्रत्येक दिवशी. दुसऱ्या कुणाच्या मानेवर ते बसू नये!

"मीच," ती म्हणाली. "उन्हाळा आहे ना. मला वाटलं, पाणी चांगलं असतं."

डॉक्टरीणबाईंनी सुस्कारा सोडला. दीर काहीतरी बोलणार असं एक क्षण वाटलं... पण त्याने मान खाली घातली आणि तशीच ठेवली.

संध्याकाळी जाऊ येऊन पोचली. आल्या आल्या कॉरिडॉरमध्येच तिने तोंड सोडलं. "काय हो वहिनी, तीन-तीन लिटर? म्हातारं माणूस ते, की झाडाची कुंडी?" सून ऐकत राहिली. दीर तिथेच उभा होता. खिशातला रुमाल काढत होता, परत ठेवत होता.

भेटायला जायचे पास दोनच मिळायचे. ते मुलाने आणि धाकट्या सुनेने घेतले. मोठी सून खालच्या मजल्यावरच्या लाकडी बाकावर बसून राहिली. लोक यायचे, फळांच्या पिशव्या घेऊन वर जायचे, डोळे पुसत खाली यायचे. प्रत्येकाचं कुणीतरी होतं! तिचंही वर होतं एक माणूस, पण तिथे जायचा तिला हक्क नव्हता. लिफ्टजवळच्या शिपायाला एका रात्रीत तिची ओळख झाली होती. "काय बाई, तुमचा नंबर कधी लागणार?" तो गमतीने विचारायचा. ती हसायची.

बाकावर बसून ती एकच गोष्ट उलटसुलट करायची. सासूबाई जे बोलल्या ते आजाराने बोलल्या, हे आता कळलं होतं. पण आजाराने शब्द तयार केले, की आत दडपून ठेवलेले शब्द नुसते मोकळे केले? सोडियम चढलं की त्या बऱ्या होतील, गोड बोलतील, पुन्हा सगळं झाकतील... आणि आपल्याला मात्र ते ऐकलेलं विसरता येणार नाही!

दुसऱ्या दिवशी दुपारी नर्सच खाली आली. "तुम्हीच ना त्या काळजी घेणाऱ्या? वर चला बाई. पेशंट पाणी मागतायत, ऐकतच नाहीत. मुलगा रडतोय नुसता."

आकडा एकशे एकोणीसवर आला होता. सासूबाई अर्धवट शुद्धीत होत्या, ओठ सुकले होते. दिवसाला चारच पेले, तेही तासांत वाटलेले. "पाणी दे गं... एक घोट..." त्यांनी तिचा हात घट्ट धरला. "वैरीण आहेस का माझी?"

"आहेच मी वैरीण," ती वाकून म्हणाली. "पाच वाजता देईन. आता नाही." तिने कापसाचा बोळा भिजवून त्यांच्या ओठांवरून फिरवला. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा... जशी काचेच्या कडेवरून चकती फिरवावी, न दाबता, न घाई करता. घड्याळाचा काटा पाचावर जाईपर्यंत ती तशीच उभी होती. त्या शिव्या देत होत्या, मग रडत होत्या, मग तिच्याच मनगटावर गाल टेकून झोपल्या. कोपऱ्यातल्या खुर्चीवरून दीर हे सगळं पाहत होता.

त्या दिवसापासून तिच्याकडे कुणी पास मागितला नाही.

तिसऱ्या दिवशी एकशे पंचवीस. पाचव्या दिवशी एकशे एकतीस. सासूबाईंनी डोळे उघडले, खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाल्या, "हा पंखा कुरकुरतोय. कुणी तेल घालत नाही का?" नर्स हसली. सुनेला मात्र हुंदका आवरेना. तिच्या सासूबाई परत आल्या होत्या!

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरीणबाई सूचना द्यायला आल्या. ती गोळी पुन्हा कधीच नाही, रक्तदाबासाठी दुसरी दिलीय. आठवड्याने रक्त तपासायचं. नीट जेवायचं, बेताचं मीठ चालेल, पाणी सांगितलं तेवढंच. चालताना आणखी काही दिवस आधार लागेल.

"ऐकलंत ना वहिनी?" जाऊ मध्येच म्हणाली. "की पुन्हा तुमच्या मनाने बाटल्या..."

"पुरे!" दीर ओरडला. त्याचा आवाज कापत होता. "पाणी मी पाजलं. मी! रोज फोन करून मीच सांगत होतो. मीठ बंद करा म्हणणाराही मीच. वहिनींनी... त्या दिवशी डॉक्टरांसमोर सगळं स्वतःवर घेतलं. आणि मी घेऊ दिलं! आई, मी त्यांना घरातली मदतनीस म्हटलं इथल्या कागदावर. घर बंद करतो म्हटलं. का, तर तू त्यांना..." तो थांबला.

"मी काय?" सासूबाईंनी विचारलं. त्यांना त्या दिवसांतलं काहीच आठवत नव्हतं.

"भाऊजी, राहू द्या," सून घाईने म्हणाली.

"मी काय बोलले?" त्यांनी पुन्हा विचारलं, ऑफिसात दुसऱ्या टोकाकडून उत्तर येईपर्यंत विचारायची सवय असलेल्या बाईच्या आवाजात.

दिराने सांगितलं. अडखळत, पण सगळं सांगितलं. मग तो सुनेसमोर येऊन उभा राहिला, पन्नाशीला आलेला माणूस, आणि लहान मुलासारखा रडू लागला. "वहिनी, मला दोन शब्द ऐकवा. काहीतरी बोला हो!"

"बोलायचंय काय त्यात?" तिने त्याच्या हातातली पिशवी घेतली. "तुम्हीही मायेनेच केलंत. जा, गाडी बोलवा. आईंना फार वेळ उभं राहवत नाही."

घरी पोचल्यावर दीर आणि जाऊ औषधं आणायला गेली. सासूबाईंना खिडकीजवळच्या खुर्चीत बसवून सून निघाली, तर त्यांनी तिच्या हाताला धरून थांबवलं.

"बस."

ती समोरच्या स्टुलावर टेकली.

"मी जे बोलले ते आजारपणात बोलले, असं म्हणून मोकळी होऊ शकते मी." सासूबाई खिडकीबाहेर पाहत होत्या. "पण तुझ्याशी खोटं नाही बोलणार. पहिलं वर्षभर मी तुला दोष दिला. मनातल्या मनात, रोज. तू चहा द्यायचीस, मी घ्यायची, आणि आत म्हणायची, हिने पाठवलं. मग एकदा तुला आंघोळीच्या खोलीत नळ सोडून रडताना ऐकलं. तू स्वतःलाच म्हणत होतीस, मी पाठवलं, मी पाठवलं. माझेच शब्द! तेव्हा कळलं की हा दोष दोघींनी द्यायची गरज नाही. माझा तिथेच संपला. पण तुला सांगायचं धाडस होईना. सांगायचं तर त्याचं नाव काढावं लागलं असतं..."

सुनेचे डोळे वाहू लागले. तिने ते पुसले नाहीत.

"आठ वर्षं मी तुला त्यात एकटीला ठेवलं, पोरी. पाणी त्याने पाजलं, पण हे पाप माझं." त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला. "आता मला सांग. त्या दिवशी जाताना तो काय म्हणाला? मी झोपले होते. नऊ वर्षं झाली, मी विचारलं नाही."

तिला हुंदका आला आणि त्यातूनच, का कोण जाणे, हसू फुटायला लागलं.

"जिन्यातून परत वर आले होते," ती म्हणाली. "दारातूनच कुजबुजले, आई उठली की तिला सांग, तिचा रेडिओ मीच बिघडवलाय. उघडून बघत होतो, तार तुटली. मी आल्यावर काय ते ओरडू दे म्हणावं."

सासूबाई ताठ बसल्या. "म्हणजे तो..? आणि मी आदल्या दिवशी त्या रेडिओच्या दुकानदाराला भर बाजारात झाडलं! चांगला अर्धा तास! मेल्या, थांब तुला..."

सवयीचा शब्द तोंडातून निघून गेला आणि त्या थबकल्या. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. आणि मग सासूबाई हसल्या. डोळ्यांतून धारा लागलेल्या असताना खदखदून हसल्या. सूनही हसत, रडत त्यांच्या गुडघ्यांवर डोकं टेकून बसली.

"आणखी सांग," तिच्या केसांवरून हात फिरवत सासूबाई म्हणाल्या. "अजून काय काय लपवलं होतं माझ्यापासून तुम्ही दोघांनी?"